केबलसाठी पाडलेलं भोक

होड्या दुरुस्त करायच्या यार्डात धाकट्याला सगळे भोक्या म्हणत. होडीत केबल आणि वायरी कुठून कुठे न्यायच्या हे काम त्याचं, आणि वाटेत जे आडवं येईल त्याला तो बिनदिक्कत भोक पाडी. लाकूडकाम थोरल्या भावाचं. फायबरच्या होडीच्या तळाला आतून लांबच लांब लाकडी पट्ट्या बसवतात आणि वरून फायबर चढवतात. होडीचा सगळा जोर त्या पट्ट्यांवर. दादा त्यांसाठी फळी निवडायचा ती हातोडीने वाजवून, कान लावून. त्याने हो म्हटलं की काळ्या दगडावरची रेघ.

तरी दोघांनी केलेल्या एका होडीचा तळ चार वर्षांतच मऊ पडला. होडीचा मालक तणतणत आला. भोक्याने उघडूनही न बघता सांगून टाकलं, "दादाने ओलं लाकूड घातलं." यार्डभर तेच झालं. दादा भांडणाऱ्यातला नव्हता. त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि घरी जाऊन बसला. मालकाने वरवरची डागडुजी करून होडी विकून टाकली. दादाच्या जागी बसला भोक्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही अशी.

त्याला बावीस वर्षं झाली. दादा वारल्यालाही दोन झाली. गेल्या आठवड्यात तीच होडी नवा मालक पुरती दुरुस्त करायला घेऊन आला.

भोक्याने तळावरची फरशी कापून काढली आणि पट्टीवर हातोडी मारत निघाला. पुढे टण्ण. मध्येही टण्ण. स्टिअरिंगच्या केबलच्या भोकाशी आला आणि आवाज बसला. आत नुसता काळा चिखल. भोकाच्या कडा कोऱ्याच होत्या. भोक पाडलं की कडांना रेझिन लावून लाकूड बंद करायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे ते राहिलं होतं आणि पाणी शिरलं होतं. हातभर पलीकडे त्याच फळीत पटाशी घुसेना.

त्याने भोकापासून धडक्या भागापर्यंतचा तुकडा कापला आणि वहिनीकडे गेला. ती खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, दादाचं लाकूड चांगलं होतं. भोक मी उघडं ठेवलं होतं."

वहिनीने तुकडा उलटसुलट करून बघितला. "घरातलं प्रत्येक दार वाजवून बघायचे हो. खुर्ची, पलंग, पोळपाटसुद्धा. मला विचारायचे, 'तुला आवाज कसा येतो गं? माझा कान गेलाय.'"

भोक्याची मान वर होईना.

"भाऊजी, तेव्हाच उघडून का नाही बघितलंत?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"माझंच भोक निघेल याची."

वहिनीने तुकडा टेबलावर ठेवला आणि त्याच्या धडक्या टोकावर बोटाने टकटक केलं, अगदी दादा करायचा तसं. मग पुन्हा एकदा केलं.

"चांगला वाजतोय की," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.