चेरीच्या लाकडाची चाकं

असाहेल टटलचा लाकडावर जेवढा विश्वास होता, तेवढा देवावर असता तर पाद्र्याने त्याला दर रविवारी पहिल्या बाकावर बसवलं असतं. कनेटिकटच्या टेकड्यांत, ओढ्याकाठी त्याचा घड्याळांचा कारखाना होता. आधी घोड्यावर घड्याळं लादून तो दारोदार हिंडला, मग पाणचक्की बसवली, माणसं ठेवली. चाकं चेरीच्या लाकडाची, बाकी सांगाडा ओकचा. खाली गावात कुणीतरी पितळी घड्याळं काढली, तेव्हा पितळेच्या परातीच कराव्यात, असं म्हणून तो पोट धरून हसला.

हसू फार टिकलं नाही. पितळी घड्याळ स्वस्त पडायचं. गिऱ्हाईक फिरकेना, माणसंही एकेक करून खालच्या कारखान्यात गेली. असाहेल हट्टाला पेटला. साठवलेली सगळी घड्याळं त्याने जहाजाने इंग्लंडला धाडली. ती खपली तर ठीक, नाहीतर कारखान्याला कुलूप, असं त्याने बायकोला, हिटीला, जेवताना सांगून टाकलं. तिने त्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला.

एकही न खपता सगळी घड्याळं परत आली. समुद्राच्या दमट हवेने चाकं फुगली होती, दात एकमेकांत रुतून बसले होते. एक चालेल तर शपथ.

सुकली की चालतील, म्हणून असाहेलने ती चुलीभोवती मांडली आणि जाळ घालत बसला. काही चाकं तडकली, काही वाकडी झाली. त्याचं जेवणखाण सुटलं. हा माणूस आता हातचा जातो, या भीतीने हिटीची झोप उडाली.

आणि एके सकाळी एक घड्याळ चालू झालं. असाहेल ढसाढसा रडला. एक चालतंय म्हणजे सगळी चालतील, म्हणाला, आणि मक्याची भाकरी पोटभर जेवला.

पुढे एका दुपारी तो सरपण फोडायला निघाला आणि कुऱ्हाड विसरली म्हणून परत फिरला. बघतो तर हिटी त्या एका घड्याळापुढे उभी. थांबलेला लंबक तिने बोटाने ढकलला, खिडकीतल्या उन्हाकडे पाहून काटा पुढे सरकवला.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून," हिटी म्हणाली. "तुम्ही जेवायला लागलात ना, मग मला थांबवेना."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. त्यालाही ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कुणावर? तो बाकावर बसला.

"आता नको ढकलूस, हिटी. दमली असशील. बस इथे."

ती शेजारी बसली. लंबकाचे झोके लहान होत गेले, आणि तो थांबेपर्यंत दोघांपैकी कुणीच उठलं नाही.