कानानं घेतलेला ट्रॅक्टर

शांतवनकाका राहात्याच्या बाजारात शिरले की कलिंगडवाले एकमेकांना खुणा करायचे. काका कलिंगड उचलून कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि बोटाच्या पेरानं टकटक करत राहायचे. मडकं, खाट, दाराची फळी, सगळं वाजवूनच घ्यायचे. शेळी घेताना तिचा खोकला ऐकायचा त्यांचा आग्रह असे. एकदा शेळी खोकेना, तर बाजारात तिच्यासमोर उकिडवं बसून त्यांनी स्वतः खोकून दाखवलं.

"डोळ्याला रंग मारून फशिवता येतं," ते म्हणायचे, "कानाला रंग लागत न्हाई."

आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं करणारी मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. पदवीचा कागद आणला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी हात धुऊन तो बघितला. काकांनी बघितलाच नाही.

"वाजव," म्हणाले.

मी कागद फडफडवला. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "कागद कडक हाय. आता पोरगी कडक हाय का बगू." त्या दिवसापासून माझं नाव 'बीए' पडलं.

काकांचे वडील एका बागायतदाराच्या मळ्यावर ड्रायव्हर होते. तिथे तांबडा, परदेशी बनावटीचा ट्रॅक्टर होता. काकांचं बालपण त्याच्या मडगार्डवर, बापाच्या कोपराला टेकून गेलं. मालकानं पुढे तो विकला आणि तसला आवाज आमच्या भागातून गेला तो गेलाच. चर्चमध्ये भजनाला ढोलकी वाजवतानाही काका मधेच हात थांबवून म्हणायचे, "बाबाचा ट्रॅक्टर याच ठेक्यात चालायचा." पाळकसाहेब डोळे वटारायचे.

मग त्यांचा डावा कान गेला. मी त्यांना नगरला डॉक्टरांकडे नेलं. उजवाही हळूहळू जाणार, मशीन लावा, असं डॉक्टर म्हणाले.

"मशीनीतनं मशीन ऐकायची व्हय?" काका बाहेर येऊन म्हणाले. एसटीत खिडकीच्या काचेला उजवा कान लावून बसले. मग म्हणाले, "बीए, ह्यो उजवा जायच्या आत मला बाबाचा ट्रॅक्टर एकदा दारात ऐकायचाय. तू मोबाईलमदी हुडक."

मी हुडकला. पंजाबातल्या एका खेड्यात बलदेवसिंग नावाच्या गृहस्थांकडे तसाच तांबडा म्हातारा उभा होता. व्हिडिओ कॉल लावला. हिंदी माझ्याकडे होती, कारण कॉलेज माझं झालं होतं. बलदेवसिंग हौसेनं नवा रंग दाखवू लागले, आणि काकांनी मोबाईल हिसकून कानाच्या हाडावर गच्च दाबला. त्यांनी बॉनेट दाखवलं, काकांनी कान दाखवला. त्यांनी टायर दाखवले, काकांनी कानातले केस दाखवले.

"बहनजी, ये अंधेरा क्यों है?"

"ये हमारे काका का कान है जी," मी म्हणाले. "आप चालू कीजिए."

त्यांनी चालू केला. काकांचे डोळे मिटले, ओठ हलायला लागले. "ह्योच. एक ठोका जरासा लंगडतोय. बाबाच्याचाबी लंगडायचा."

मार्थाकाकू चुलीपुढून ओरडल्या, "लंगडा हाय तरी घेताय? तोंडबी बगितलं न्हाई त्याचं!"

"तुझं कुठं बगितलं हुतं? पडद्यामागनं बोललीस तेवढं ऐकलं."

"आन फसलात!"

"न्हाई. फसली ती तू."

सौदा फोनवरच झाला. राहात्यातून कांदा घेऊन पंजाबकडे ट्रक जातात. त्यातल्याच रफिकभाईंचा परतीचा रिकामा ट्रक काकांनी ठरवला. ट्रॅक्टर त्यावर चढला आणि रफिकभाईंच्या जिवाला घोर लागला. काका रोज फोन करायचे, पण कुठे पोचला हे कधी विचारायचे नाहीत.

"जरा चालू करून ऐकव."

"काका, साखळदंडानं बांधलाय. उतरून नाचायला लागला तर?"

शेवटी वैतागून रफिकभाईंनी आपल्याच ट्रकच्या इंजिनापुढे मोबाईल धरला.

"ह्यो तुजा ट्रक हाय, रफिक. म्हाताऱ्याला घरी आन, थट्टा नंतर कर."

आमच्याकडे असं जड वाहन उतरवायला पाटाच्या पाण्याकडेचा उंच मातीचा भराव वापरतात. ट्रक मागे घेत भरावाला टेकवायचा, मधे फळ्या टाकायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं. सगळी वस्ती जमली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, रफिकभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं, माझ्या आईनं नारळ फोडला. ट्रॅक्टर फळ्यांवरून भरावावर आला. रफिकभाईंनी हँडल मारलं आणि तो डगडगडग सुरू झाला. पोरं नाचू लागली. पार झाडावरचे बगळे उडाले.

काका समोर उभे होते. उजवा कान पुढे केला. मग कानामागे हात धरला. मग आणखी जवळ गेले. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ह्यो त्यो न्हाई," ते म्हणाले.

 मी बलदेवसिंगना चार शब्द सुनावायला मोबाईल काढला. रफिकभाई शपथा घेऊ लागले की चढवला तोच उतरवलाय. पण काकांचं लक्ष नव्हतं. "पातळ झालाय आवाज. लांबून येतोय," ते पुटपुटले. तेव्हा मला कळलं की ट्रॅक्टर तोच आहे. तो पोचायच्या आत काकांचा उजवा कानच जायला निघाला होता.

मार्थाकाकूंना ते माझ्या आधी कळलं असावं. पदर खोचून त्या पुढे आल्या आणि काकांच्या त्या उरल्यासुरल्या कानात ओरडल्या, "अवो! ल्हानपनी असं समोर हुबं राहून ऐकायचात का?"

"आं?"

"बूड कुठं असायचं तुमचं तवा?"

काकांनी मडगार्डकडे बघितलं.

"मग चढा की! कानानं ऐकायलात येड्यावानी!"

दोघांनी ढकलून काकांना वर बसवलं. रफिकभाई पुढे होऊ लागले तर काकू म्हणाल्या, "तू खाली थांब. आपली बीए हाकील." मला ट्रॅक्टर येतो, कॉलेजनं नव्हे, बापानं शिकवलाय. मी क्लच सोडला. पत्रा थरथरला, काका थरथरले, त्यांची कवळी कडकड वाजायला लागली. माझ्या कोपराला त्यांनी खांदा टेकवला.

"आला," काका म्हणाले. "लंगडत आला बग."

पुढे उजवा कानही गेला. काकांना त्याचं फार वाटलं नाही. दर रविवारी मी ट्रॅक्टर हाकायची आणि ते मडगार्डवर बसून चर्चला यायचे. मला नगरच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा नेमणुकीचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, एक कोपरा दातांत पकडला आणि दुसऱ्या टोकाला टिचकी मार अशी खूण केली.

"अवो, खाऊ नका," काकू किंचाळल्या, "पोरीची नोकरी हाय ती!"

"कडक," काका तोंडातला कागद न सोडता म्हणाले.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. पेटी त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत न्यायची हे कुणाला ठरवावं लागलं नाही. मी सीटवर बसले, रफिकभाईंनी हँडल मारलं. गियर टाकणार तेवढ्यात मार्थाकाकू ट्रॉलीजवळून ओरडल्या,

"ए बीए, थांब! आरं, पेटी पार पुडं सरकवा. पत्र्याला नीट टेकू द्या. मदी फट राहिली तर ऐकू यायचं न्हाई त्यास्नी."