न घातलेले दहा टाके

१२ जानेवारी, रविवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. स्थळ: आंजी (मोठी), माझ्या सुनंदामावशीच्या घराचे अंगण, लख्ख ऊन. मी शस्त्रक्रिया विभागात पदव्युत्तर शिक्षण घेते. ऐकीव गोष्टींना मी पुरावा मानत नाही, आणि वाचकांच्या अजब अनुभवांच्या या सदरातले लेख आजवर केवळ त्यांतल्या चुका शोधण्यासाठी वाचत आले. त्यामुळे हा मजकूर पाठवताना माझी प्रचंड चिडचिड होत आहे, हे आधीच नोंदवते.

मावशीच्या पित्ताशयात खडे होते. तीन जानेवारीला आमच्या रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. मी सहायक होते. चार छोटी छिद्रे, बस. पूर्वी याच कामासाठी उजव्या बरगडीखाली वीतभर कापावे लागे. वेदना जास्त, जखम चिघळण्याची भीती जास्त, मुक्काम लांब. मावशी मात्र त्याच संध्याकाळी चालली आणि तिसऱ्या दिवशी घरी गेली. या पद्धतीच्या फायद्यांवर मी विभागात सादरीकरण करणार होते. मावशी माझे पहिले उदाहरण होती.

घरी सोडताना मी तिच्या सासूबाईंना अभिमानाने सांगितले, "आजी, टाके काढाले पण या लागत नाई. आतल्या आत विरघळतात. बाहेरून एकही दिसणार नाई. फक्त महिनाभर जड उचलू देऊ नका."

"टाकाच नाई?" आजींचा चेहरा पडला. "मंग आराम कायचा? आमच्या घरी कायदा हाय पोरी... एका टाक्याले एक हप्ता. माह्या आपरेशनले धा टाके होते, धा हप्ते बसून खाल्लं म्या. सासूनं चूल नाई फुकू देली."

मी पुन्हा समजावले — बाहेरची जखम लहान असली तरी आत भरून यायला वेळ लागतोच. आजींनी मान हलवली. मला वाटले, पटले!

सात तारखेला मावशीचा फोन. "काय सांगू व तुले, वांग्याचे क्रेट उचलून राह्यली मी."

"काऊन उचलून राह्यली? सांगितलं होतं ना मी!"

"बुढी म्हणते, टाका दाखव. आता मी कोठून दाखवू? तुह्या त्या दुर्बिणीपेक्षा मोठं कापलं असतं त बरं झालं असतं, माय."

ज्या पद्धतीचा रुग्णाला फायदा, तिचाच या घरात तोटा! मी आजींशी फोनवर वाद घातला, मावसाजींना दम दिला... उपयोग शून्य. बेंबीच्या छिद्रातून हर्निया झाला तर पुन्हा ऑपरेशन, हे मी तीनदा सांगितले. क्रेट चालूच राहिले.

म्हणून बारा तारखेला भांडायच्या तयारीने मी आंजीला गेले. पाहते तर मावशी अंगणात खाटेवर, आणि आजी तिला पेज आणून देत होत्या. मला पाहताच आजी कडाडल्या, "खोटारडी! टाके नाई म्हणे. मंग हे काय हाय?"

त्यांनी मावशीचा पदर बाजूला केला. उजव्या बरगडीखाली वीतभर लांब, तिरका, पांढुरका व्रण... कित्येक वर्षे जुना वाटावा असा. त्यावर दहा आडव्या खुणा, जुन्या पद्धतीच्या टाक्यांच्या. माझी चार छिद्रे गुलाबी, भरत आलेली, जागच्या जागी.

मी स्पिरिटने घासून पाहिले, रंग नव्हता. दाबून पाहिले, कातडी मऊ, खाली गाठ नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मीच काढलेल्या छायाचित्रात ती जागा कोरी आहे. अंगावर उठणारी गांधी, साडीच्या गाठीचा वळ, जुनी भाजल्याची खूण — प्रत्येक शक्यता तपासली आणि खोडली.

"मावशी, दुखते का?"

"कशाले दुखीन?" ती हळूच म्हणाली. "कापलं कोणी?"

ते छायाचित्र आणि त्या दिवशी अंगणात काढलेले, अशी दोन्ही मी मार्गदर्शक सरांना दाखवली. ते म्हणाले, "वेगवेगळ्या रुग्णांची आहेत. नावं नीट लिहीत जा." मी म्हटले, चला, स्वतः पाहा. ते आले नाहीत. मावशीचे उदाहरण सादरीकरणातून काढावे लागले. माझ्या शिस्तीवर शंका घेतली गेली, ती कायमची.

नऊ फेब्रुवारीला पुन्हा गेले. व्रण आखूड झाला होता, खुणा सहा. आजी दर रविवारी स्वतः मोजतात, असे कळले. एकेक करून कमी होतात, याचे त्यांना नवल नव्हते. "टाके जुने झाले का जाऊनच राह्यतात," म्हणाल्या. त्यांच्या पोटावरचे गेलेत का, हे विचारले तर मला घराबाहेर काढले.

नऊ मार्चला तिसरी भेट. मावशीच्या छिद्रांच्या जागी आता जेमतेम ठिपके. हर्निया नाही, पचन उत्तम, वजन वाढलेले. वैद्यकीयदृष्ट्या शस्त्रक्रिया पूर्ण यशस्वी. मी टेप काढला तेव्हा ती पिशवी भरत होती.

"कुठं निघाली?"

"हिंगणघाटले, तुह्या मायकडे. हक्काचे हप्ते हायेत, वाया काऊन घालवू?"

"मावशी, हे काय आहे, खरं सांग."

"डाक्टर तू हायेस का मी?" तिने पोलक्याचा काठ वर केला. "मोज लवकर, बस सुटीन."

माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. मी मोजले.

दोन.