फोन ठेवू नको, आई

मैत्रिणींनो, आज दुपारी डहाणू रोडच्या बाजारात सुके बोंबील विकत बसले होते, तेव्हा माझ्या श्रद्धाचा फोन आला. ती नर्स आहे. सहा महिन्यांपासून आफ्रिकेत निर्वासितांच्या छावणीत स्वयंसेवक म्हणून काम करते. तिथे रेंज धड नसते, म्हणून रविवारीच फोन करते. आज मंगळवार. मी घाईने फोन उचलला.

"काय झालं गं?"

"आई, सकाळपासून कॉलऱ्याने तीन बाळं गेली. तिसरं माझ्या हातातच गेलं. सलाईन संपलं होतं."

"परत ये गं पोरी." माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"तसं म्हणू नको. काहीच बोलू नको. फक्त फोन ठेवू नको. मला आपला बाजार ऐकू दे."

मी फोन टोपलीशेजारी ठेवला. गिऱ्हाइकं घासाघीस करत होती, मी भाव सांगत होते आणि फोनमधून तिचं रडणं ऐकत होते. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "जाते आई, पेशंट आलेत."

घरी आल्यापासून काही सुचत नाहीये. परत ये म्हणाले ते चुकलं, की पुन्हा म्हणाले नाही ते? तुम्ही काय केलं असतं?