काचेतला बळीराम

आता बळीराम राऊतचं नशीब पाहा. लोक नोकरीपायी चपला झिजवतात. याच्या घरी नोकरी आपण होऊन चालत आली आणि अशी गळ्यात पडली की सोडवता सुटेना.

रामदासपेठेत एका जुन्या मालगुजाराच्या बंगल्यात ट्रस्टचं संग्रहालय होतं. नागपूर पाहायला आलेली खेड्यापाड्यातली माणसं महाराजबागेतला वाघ पाहून झाली की इकडे वळत. नाणी, तलवारी, भुसा भरलेलं अस्वल, आणि चार नंबरच्या दालनात काचेच्या कपाटांतून उभे केलेले गावगाड्यातले पुतळे. सुतार, कुंभार, तेली असे ओळीनं. शेवटच्या कपाटात खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरू बांधलेली काठी, कमरेत वाकलेला एक माणूस. खाली पाटी होती : 'महार. गावची राखण व पडेल ती कामे करणारा.' त्या पुतळ्याचं तोंड हुबेहूब बळीरामचं होतं.

त्याचं असं झालं. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात बळीराम तिथे विटा वाहायला होता. मूर्तिकाराला चेहरा हवा होता. त्यानं सगळ्या मजुरांकडे पाहिलं आणि याच्यावर बोट ठेवलं. नाकात पपईच्या देठाच्या दोन नळ्या घालून तोंडावर ओलं प्लास्टर थापलं आणि सांगितलं, हलायचं नाही. बळीराम हलला नाही. पुढच्याच वर्षी दसऱ्याला त्यानं दीक्षा घेतली, घरातले देव पोत्यात घालून कन्हान नदीत सोडले आणि गावकीच्या कामावर थुंकला. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटलं. पण दोन वर्षांनी ट्रस्टला शिपाई पाहिजे होता तेव्हा कोणीतरी म्हणालं, तो पुतळ्यावाला आहे ना, त्यालाच बोलवा. पक्की नोकरी! घरी पाच वर्षांची पोर, बायको अंजनाबाई दिवसभर विड्या वळते. नाही म्हणायची कोणाची टाप? ड्यूटी लागली चार नंबरला.

अठरा वर्षं. रोज तेच. माणसं पुतळ्याकडे पाहत, मग स्टुलावरच्या बळीरामकडे, मग परत पुतळ्याकडे, आणि खुसुखुसु हसत. त्यानं मिशा वाढवल्या, गरज नसताना चष्मा लावला, पण नाक कुठे लपवणार? निदान पाटी तरी बदला म्हणून ट्रस्टचे सेक्रेटरी मधुकरराव यांच्याकडे तो चारदा गेला. मधुकरराव माणूस देवासारखा, पण देवासारखाच दगड. दर वेळी हसून म्हणायचे, अरे बळीराम, तो इतिहास आहे, तुझ्यामाझ्या मनानं बदलतो का तो? दुसरी नोकरी धरावी तर चाळिशी उलटलेली, शिक्षण दोन बुकं. घरच्यांना त्यानं दालनात पाऊल टाकू दिलं नाही. तिथे किड्यांचं औषध मारतात, छातीत बसतं, असं सांगून ठेवलं होतं.

मुलगी शामला मात्र शिकली. बी.ए., बी.एड. झाली आणि रामटेकच्या एका शाळेत लागली. तिथल्याच एका थोरल्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होती. बळीराम वस्तीत ताठ मानेनं चालायचा ते तिच्याच जिवावर.

शहात्तरच्या हिवाळ्यात तिचं पत्र आलं : मुलींची सहल घेऊन गुरुवारी नागपूरला येते आहे, तुमचं संग्रहालयही आहे यादीत. अंजनाबाईचा आनंद पोटात मावेना. बळीरामच्या पायाखालची जमीन सरकली. पोरीनं ते तोंड आणि ती पाटी पाहिली तर? तो मधुकररावांच्या हातापाया पडला, एक दिवस दालन बंद ठेवा म्हणाला. सहली येतात त्याच दिवशी बंद कसं ठेवायचं, असं ते म्हणाले. त्यांचंही खरंच होतं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला चाळीस मुली आत शिरल्या. बळीराम स्टूल सोडून शेवटच्या कपाटाला पाठ लावून उभा राहिला, हात पसरून, दार अडवल्यासारखा. मनात म्हणाला, मरतो पण हलत नाही.

शामलाबरोबर एक पोक्त, हसऱ्या चेहऱ्याच्या बाई होत्या. त्याच शोभाताई, तिच्या घरमालकीण. बळीरामनं मघापासून एकेका पुतळ्याची माहिती मुलींना लांबूनच सांगायला घेतली होती, अशासाठी की कोणी जवळ येऊ नये. ते ऐकून शोभाताई खूश झाल्या. त्याच्याशी बोलू लागल्या. आमच्या राऊत बाई इतिहास शिकवतात, माझ्याच घरी राहतात, म्हणाल्या. पोर इतकी सोवळ्याची की देवघरातली फुलंसुद्धा सकाळी तीच वाहते, मी तिला घरच्या सुनेसारखी मानते.

बळीरामनं शामलाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. राऊत आडनाव दहा जातींत चालतं. कोणी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. त्याला समजायला क्षणही लागला नाही. नदीत सोडलेले देव फिरून पोरीच्या हाताला लागले होते.

मागच्या मुलींना शेवटचं कपाट दिसेना. त्या चुळबुळ करू लागल्या. शोभाताई म्हणाल्या, राऊत बाई, यांना सांगा ना जरा. शामला पुढे आली. तिचा आवाज चांगला खणखणीत, वर्गातला होता.

"काका, जरा बाजूला व्हा. मुलींना दिसत नाही."

काका! स्वतःच्या बापाला! बळीरामचे हात आपोआप खाली आले. तो बाजूला झाला.

शामलानं कपाटात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पण मुली वाट पाहत होत्या. तिनं पाटी वाचून दाखवली, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, एकदाही न अडखळता. एवढ्यात एक आगाऊ पोरगी म्हणाली की बाई, हे काका अगदी त्या पुतळ्यासारखेच दिसतात. सगळ्या हसल्या. शोभाताईंनी तिला दटावलं, आणि भल्या बाईला इतकं वाईट वाटलं की अभिप्रायाच्या वहीत या शिपायाची तारीफ लिहायचीच असं तिनं ठरवलं. पेन काढून तिनं नाव विचारलं. आडनावासकट.

शामला खिडकीबाहेर पाहत होती.

"शालिकराम," बळीराम म्हणाला. शालिकराम हा नाण्यांच्या दालनातला शिपाई. "नुसतं शालिकराम लिवा, बाई."

शोभाताईंनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. मुली रांगेनं बाहेर पडल्या. बळीराम स्टुलावर बसला आणि त्याला रडू आलं, पण पुढची माणसं यायच्या आत त्यानं तोंड पुसलं.

तेवढ्यात शामला एकटीच परत आली. धापा टाकत होती. एकदा काचेकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. वर्गातला आवाज आता कुठल्या कुठे गेला होता.

"बाबा, आईले सांगू नका."

नेमकं काय सांगायचं नाही, पुतळ्याचं, फुलांचं की काका म्हणाल्याचं? विचारावंसं वाटलं त्याला. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता.

"नाही सांगत, जा," तो म्हणाला.

घरी अंजनाबाई दारातच उभी होती. पोरगी आली का, कशी दिसते, वाळली तर नाही ना, तुम्हाले पाहून काय म्हणाली, प्रश्नावर प्रश्न. बळीरामनं टोपी खुंटीला लावली आणि सहल आलीच नाही म्हणून सांगितलं. बस बिघडली म्हणे. अंजनाबाईनं शाळेचा, बसवाल्याचा, हेडमास्तरचा उद्धार केला. मग पदरानं डोळे पुसून उठली आणि विड्यांची पानं बाजूला सारली.

"मंग मीच जातो रविवारी रामटेकले. त्या घरवाल्या बाईलेही भेटून येतो. आपल्या पोरीले इतकं जपते थे."

"नोको जाऊ वं," बळीराम म्हणाला.

"काहून?"

"तिथं किड्यांचं औषध मारतेत, छातीत बसते," बळीराम म्हणाला.