दुपट्टा

ऑफिसच्या आधी तासभर मी जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात हौसेनं राबायचो. त्या उन्हाळ्यात रस्त्यासाठी पाडलेल्या झाडावरचं घारीचं पिल्लू माझ्याकडे आलं.

भरवताना तोंडाला दुपट्टा बांधायचा आणि एक शब्द बोलायचा नाही, असा तिथला नियम होता. माणूस दिसला की खायला मिळतं, हे पिल्लाच्या डोक्यात बसू नये म्हणून. नागपूरच्या उन्हात सगळं गाव दुपट्टा बांधून फिरतं, त्यामुळे त्यात जड काही नव्हतं. पण त्या घारीनं मला ओळखावं, ही माझी हाव. दुसऱ्याच आठवड्यात मी तोंड उघडं ठेवून भरवू लागलो. चिमट्यात मटणाचा तुकडा धरून "ये बाई" म्हटलं की ती मान वाकडी करून बघायची आणि चोच उघडायची.

तिथल्या म्हाताऱ्या मदतनिसानं एकदा पाहिलं. "तोंड काहून उघडं ठेवलं गा? तू तिचा घात करून राहिला." मला त्याचाच राग आला.

पावसाळा सरल्यावर तिला बेसाजवळच्या माळावर सोडलं. चौथ्या दिवशी तिथल्या एका सोसायटीतून दवाखान्यात फोन आला. गच्चीवर नाश्ता करणाऱ्यांपुढे एक घार येऊन बसली, हाकलली तरी उडेना, म्हणून घरमालकानं काठी घातली होती. पोचलो तेव्हा काठी अजून त्याच्या हातात होती. जवळ लहान पोरगी होती, म्हणाला.

मी पडलेल्या घारीपाशी बसलो आणि स्कूटरवर येताना उन्हासाठी बांधलेला दुपट्टा तोंडावरून काढला. तिनं मान वाकडी केली आणि चोच उघडली.