नाल्यापलीकडची प्लाटून

मी हे बॉथेलला, मुलाच्या घरी बसून लिहितो आहे. सिएटलजवळचं हे लहान गाव. मी लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. सांगायचं आहे ते मात्र लेफ्टनंट असतानाचं.

महायुद्धात घाईघाईने कमिशन दिलेल्यांपैकी मी एक. ट्रेनिंग संपलं आणि दक्षिणेतल्या एका छावणीत, मराठी जवानांच्या पलटणीत पोस्टिंग मिळालं. सकाळी साडेदहाला स्टेशनवर उतरलो. साडेअकराला कंपनी ऑफिसात हजर झालो. ऑफिसात फक्त एक हवालदार होता. म्हणाला, "मेजरसाहेब नेटवर आहेत."

मैदानावर मेजर हॅरल्ड विटकम पॅड बांधून उभे होते. मी सॅल्यूट केला. त्यांनी बॅट काखेत धरली आणि मान हलवली.

"खेळतोस?"

"येस सर. कॉलेजकडून. ओपनिंग."

"बॅग ठेव. पॅड बांध."

माझं रिपोर्टिंग एवढंच झालं.

विटकम तेव्हा तिशीच्या आसपास असतील. वडील इंग्लंडात खेड्यातले पाद्री. एकविसाव्या वर्षी हिंदुस्थानात आले, ते अशा समजुतीने की इथे वर्षातले आठ महिने क्रिकेट खेळता येतं. सुट्टीवर गेल्यावर ते आपल्या काउंटीकडून चार सामने खेळले होते. ते चार सामने त्यांना बॉलगणिक पाठ होते. मराठी बऱ्यापैकी बोलत. जवानांना नावाने ओळखत. मेसमध्ये काही गोरे अधिकारी आम्हा हिंदी अधिकाऱ्यांच्या टेबलावर बसत नसत. विटकम मुद्दाम येऊन बसत. मी बावीस वर्षांचा होतो. हा माणूस सांगेल तिथे जायची माझी तयारी होती, आणि ते मला अभिमानाचं वाटायचं.

त्यांचा रनर होता लान्स नायक रामा शेलार. वायरलेस बंद पडला तर कमांडरचा निरोप पळत पोचवायचा, हे रनरचं काम. शेलार तिशीतला, सातारा जिल्ह्यातला, घरी बायको आणि चार वर्षांचा मुलगा. शांततेच्या दिवसांत मेजरसाहेबांना नेटमध्ये बोलिंग टाकायचं कामही त्याच्याकडेच होतं.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी आम्ही ब्रह्मदेशात होतो. एका संध्याकाळी साडेपाचला माझी प्लाटून, म्हणजे एकतीस माणसं, एक नाला ओलांडून पलीकडच्या टेकाडावर गेली. कंपनी अलीकडच्या काठावर राहणार होती. निघताना विटकम म्हणाले, "टेकाड धरून ठेव. मला तू परत हवा असलास तर शेलारला पाठवीन. तोपर्यंत हलायचं नाही."

"येस सर."

सहा वाजता वायरलेसवर बोलणं झालं.

"हॅलो टू, पोचलात का? ओव्हर."

"हॅलो वन, पोचलो. ओव्हर."

"तिथेच थांबा. आउट."

त्यानंतर सेट बंद पडला. नाल्यात भिजला होता.

पहाटे साडेपाचला जपानी तोफांचा मारा सुरू झाला. सहाच्या सुमारास त्यांची माणसं झाडीतून पुढे येताना दिसू लागली. सव्वासहाला माझा हवालदार यशवंत जाधव सरपटत माझ्याजवळ आला.

"साहेब, मागचं आपलं फायरिंग थांबलंय."

"अ‍ॅम्युनिशन वाचवत असतील."

"साहेब, तिथं कुणी नाही आता."

"मेजरसाहेब निरोप पाठवतील. ऑर्डर थांबायची आहे."

जाधव सरपटतच वळला. आपल्या जागी परत गेला. पावणेसातला त्याच्या मानेत गोळी लागली.

सात वाजता मी माझ्या जबाबदारीवर माघारीची ऑर्डर दिली. त्या पाऊण तासात सात माणसं गेली होती. नाल्यात उतरताना माझ्या मांडीत गोळी घुसली. दोघांनी मला ओढून अलीकडे आणलं. काठावर कंपनी नव्हती. खंदक रिकामे होते. एका खंदकाच्या कडेला चहाचा मग उभा होता.

बारा दिवसांनी विटकम मला इस्पितळात भेटायला आले. सिगारेटचा डबा आणला होता. माझ्या कॉटवर बसले.

"मी सहा वाजता शेलारला तुझ्याकडे पाठवला, मोहिते. माघारीची ऑर्डर घेऊन. तो पोचलाच नाही?"

"नाही सर."

"मग तो पळाला. नंतर कोणालाच दिसला नाही. माणसाचं काही सांगता येत नाही. वाईट वाटतं."

मी शेलारला शिव्या दिल्या. माझी सात माणसं त्याने मारली असं मी त्या वॉर्डात सगळ्यांना सांगितलं.

रिपोर्टात तसंच गेलं. बरा झाल्यावर सुट्टीवर असताना मी शेलारच्या गावी गेलो. का गेलो ते आता नीट सांगता येणार नाही. बहुतेक त्याच्या घरच्यांनी मान खाली घातलेली मला बघायची होती. गावात युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला दगड बसवायचं चाललं होतं. शेलारचे वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी एकच विचारलं.

"साहेब, आमचा रामा खरंच पळाला का?"

मी म्हणालो, "मेजरसाहेबांनी लिहिलंय म्हणजे तसंच असणार."

 दगडावर त्याचं नाव बसलं नाही.

स्वातंत्र्य आलं. विटकम गेले. आधी पूर्व आफ्रिकेत चहाच्या मळ्यावर, मग इंग्लंडात एका शाळेत मुलांना क्रिकेट शिकवायला. दर ख्रिसमसला त्यांचं कार्ड यायचं, दर दिवाळीला माझं जायचं. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. पत्नी वारल्यावर ते मुलीकडे राहायला आले. मुलगी मार्गारेट सिएटलमध्ये अमेरिकन नवऱ्याबरोबर राहत होती. आणि ऐंशीच्या दशकात माझा मुलगा अशोक इंजिनिअर म्हणून बॉथेलला आला. मी सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे येतोय असं कळवल्यावर विटकमचं उलट टपाली उत्तर आलं. अक्षर मोठं आणि वाकडं झालं होतं. "इथे शनिवारी तुमची मुलं क्रिकेट खेळतात असं ऐकलं. मला घेऊन चल."

नदीकाठच्या पार्कमध्ये ही मुलं खेळायची. युनिव्हर्सिटीत शिकणारी पुण्या-नागपूरची पोरं, अशोकच्या ऑफिसातले दोघेतिघे. पिच म्हणजे नारळाच्या काथ्याची चटई. मार्गारेट विटकमना गाडीतून सोडून जायची. ते तिथे येऊन बसले की पोरं धावत यायची. "काका, तुमच्या फ्रेंडला विचारा ना, माझी ग्रिप बरोबर आहे का?" त्यांना मोतीबिंदूमुळे बॉल दिसत नव्हता. पण हाताने चाचपून ते ग्रिप बरोबर करून द्यायचे. ते शनिवार मी फार सुखात घालवले. खोटं कशाला सांगू.

ऑगस्टात त्यांनी मला एक जाडं पाकीट दिलं. आठवणी लिहिल्या होत्या. ते टेपवर बोलत, मार्गारेट टाइप करी. नातवंडांसाठी छापून घेणार होते.

"हिंदी नावांची स्पेलिंग तपास, मोहिते. माझी मुलगी 'जाधव'चं काय करील भरवसा नाही."

घरी येऊन मी पेन्सिल घेऊन बसलो. निम्म्याहून जास्त क्रिकेट होतं. ब्रह्मदेशाला चार पानं होती. त्यातला एक परिच्छेद मी इथे मराठीत देतो.

"सहा वाजून दहा मिनिटांनी मी कंपनी मागे घेतली. मोहितेची प्लाटून नाल्यापलीकडे होती. तिला कळवायला पाठवलेला माणूस परत येण्याची शक्यता नव्हती, म्हणून मी कोणाला पाठवलं नाही. माझा रनर शेलार दोनदा म्हणाला, साहेब, मी जातो. मी नाही म्हणालो. तो तरी गेला. दुर्बिणीतून मी त्याला नाल्याच्या मध्यावर पडताना आणि वाहून जाताना पाहिलं. चांगला माणूस होता. बोलिंग सुमार."

पुढचा परिच्छेद युद्धानंतरच्या एका सामन्याबद्दल होता.

मी तो उतारा तीनदा वाचला. मग खुर्चीतच बसून राहिलो. अशोक ऑफिसातून आला.

"बाबा, बरं वाटत नाहीये का? डॉक्टरला कॉल करू?"

"नको. या एका पानाच्या दोन कॉप्या काढून आण उद्या."

विटकमनी कबुली दिली असती तर मी समजून घेतलं असतं. ही कबुली नव्हती. इस्पितळात मला काय सांगितलं होतं, हेच ते विसरले होते. ज्या वाक्याने एका घराची मान चाळीस वर्षं खाली गेली, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

शनिवारी आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. मी वाट पाहिली नाही.

"सर, शेलारबद्दल बोलायचंय."

"पुस्तकात घातलाय मी त्याला. नाव चुकलंय का?"

"नाव बरोबर आहे. तुम्ही मला इस्पितळात सांगितलं होतं की ऑर्डर घेऊन गेला आणि पळाला."

 पोरांचा आरडाओरडा चालला होता.

"तसं म्हणालो होतो?"

"म्हणाला होतात. लिहिलंही होतंत."

"असेल." ते म्हणाले, "कर्नल विचारत होते, प्लाटूनला ऑर्डर का पोचली नाही. काहीतरी लिहिणं भाग होतं. शेलार मेलेलाच होता, मोहिते. त्याला आणखी काय इजा होणार होती?"

"त्याच्या बापाला मी जाऊन सांगितलं, तो पळाला म्हणून."

"ते तू करायला नको होतंस."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं.

"सर, दोन ओळी लिहून सही करा. पुढचं मी बघतो."

"चाळीस वर्षांनी?"

"त्याचा मुलगा आहे. बायको असेल."

त्यांनी माझा हात चाचपून धरला. "पुढच्या शनिवारी. मार्गारेटकडून टाइप करून आणतो. वचन देतो."

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सोमवारी मार्गारेटचा फोन आला. फार सभ्यपणे बोलली.

"डॅडना ती पानं परत हवी आहेत, कर्नल. त्यांची तब्येत बरी नाही. ते म्हणतात, तुम्ही ऑफिसर आहात, समजून घ्याल."

"सहीचा कागद?"

"त्याबद्दल ते मला काही बोलले नाहीत."

मी पाकीट पोस्टाने परत केलं. ऑक्टोबरात छापलेलं पुस्तक घरी आलं, निळ्या कापडी बांधणीचं, आत त्यांची थरथरती सही. नाल्याच्या लढाईला आता सहा ओळी होत्या. माझं नाव होतं. जाधवचं स्पेलिंग बरोबर होतं. शेलार कुठेच नव्हता. त्याला आधी पळपुटा ठरवलं होतं, आता काढूनच टाकलं. मी पुस्तक अशोकच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. त्या दिवाळीला कार्ड पाठवलं नाही.

पानाची एक कॉपी मी सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवली होती. सही नसलेला टाइप केलेला कागद पुरावा म्हणून धरता येत नाही, असं त्यांचं उत्तर आलं. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं.

दुसरी कॉपी, खाली मराठी अर्थ लिहून, शेलारच्या मुलाला पाठवली. तो गावातच प्राथमिक शिक्षक आहे, हे एका जुन्या सुभेदाराकडून कळलं होतं. पत्रात मी काही लपवलं नाही. तुमच्या आजोबांना ओसरीवर जाऊन खोटं सांगणारा माणूस मीच, असं लिहिलं. खोटं आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण शोधायचा प्रयत्नही मी केला नाही, हेही लिहिलं.

उत्तर यायला सहा आठवडे लागले.

"कर्नलसाहेबांना नमस्कार. पत्र पोचले. आई मागच्या पौषात गेली. तिला वाचून दाखवता आले असते तर बरे झाले असते. आजोबा मरेपर्यंत चावडीवर बसले नाहीत. मला भरतीला जायचे होते, त्यांनी जाऊ दिले नाही. तिथे बापाचे नाव विचारतील, म्हणाले. तुमचे पत्र ग्रामपंचायतीत वाचून दाखवले. दगडावर नाव घालायला सगळे हो म्हणाले, सरकारी कागद कोणी मागितला नाही. तुमच्यावर राग धरावा की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. एक विनंती आहे. घरात वडिलांचा फोटो नाही. ते दिसायला कसे होते, ते कळवावे."

मी त्याच दिवशी लिहायला बसलो. त्या सकाळी गेलेल्यांची नावं आधी लिहिली. हवालदार यशवंत जाधव. नायक गणू पवार. शिपाई ज्ञानू माने, बाळा सावंत, तुकाराम गायकवाड, धोंडी कदम, महादू शिंदे. आठवा लान्स नायक रामा शेलार.

मग एकेक आठवून लिहिलं. उंची साडेपाच फुटांच्या आत. रंग सावळा. डाव्या भुवईवर लहानपणी बैलाचं शिंग लागल्याची खूण. पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे यायचा, तेव्हा पहिल्यांदा तुमची चौकशी लिहायला सांगायचा, मग घरातल्या बाकीच्यांची. हसताना तोंडावर हात धरायचा. उन्हात डोळे बारीक करून बघायची सवय होती. त्याला पोहता येत नव्हतं, आणि त्या सकाळी नाल्याला छातीभर पाणी होतं.